भाजीबरोबर उतारा

शेवळं पहिल्यांदा खाल्ली त्या रात्री आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भांडण झालेलं नव्हतं. बोलायला घसा ठिकाणावर नव्हता, एवढंच.

जूनचा पहिला आठवडा होता. डोंबिवलीत राहायला येऊन वर्षही झालेलं नव्हतं. माझं माहेर यवतमाळकडचं, सासर नागपूरचं. एका चकचकीत दुकानात, थंड कपाटात, पारदर्शक डबीत सहा शेवळं मांडून ठेवलेली दिसली. वीतभर लांबीचे, तपकिरी-जांभळट, टोकाला निमुळते होत गेलेले कोंब. डबीवर चिठ्ठी होती : ‘रानभाजी. फक्त हंगामात.’ शेवळं हा शब्द ऐकलेला होता, वस्तू पाहिलेली नव्हती. अनोळखी भाजी दिसली की पिशवीत टाकायची ही माझी जुनी खोड. टाकली.

घरी येऊन धुतली, चकत्या केल्या, कांदा-लसणावर परतली, वर गोडा मसाला. दिसायला झकास. पहिला घास अळंब्यासारखा लागला. दुसरा गिळेपर्यंत जिभेच्या कडेला काहीतरी टोचायला लागलं. मग टाळूला, मग घशात. ज्वारीच्या कणसातलं कुसळ घशात अडकतं ना, तसं. फक्त एक नाही, मूठभर. नवऱ्यानं आधी पाण्याचा तांब्या रिकामा केला, मग ताकाचा. बऱ्याच वेळानं त्याला आवाज फुटला तेव्हा तो म्हणाला, “काही राग होता का माझ्यावर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंना हा प्रकार सांगितला. काकू सीकेपी, जन्म ठाण्यातला. त्यांनी हसू दाबत एकच प्रश्न विचारला :

“काकडं घातली होतीस?”

“काकड्या? शेवळात?”

“काकड्या नाही गं बाई, काकडं! ज्यानं शेवळं विकली त्यानं काकडं दिली नाहीत?”

दिली नव्हती. डबीत तेवढी जागाही नव्हती. काकूंनी कपाळावर हात मारला. “अगं, शेवळं एकटी कधी घ्यायची नसतात. सोबत त्यांचा उतारा घ्यायचा असतो.”

उतारा म्हणजे सातबाऱ्याचा, विंचवाचा किंवा दृष्ट काढताना ओवाळून टाकतात तो. भाजीचाही उतारा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. गेली काही वर्षं पावसाळा लागला की मी रानभाज्यांच्या मागे फिरते आहे, त्याची सुरुवात त्या सकाळी झाली.

*

कल्याण स्टेशनच्या बाहेर बाजाराकडे वळलं की मृगाच्या आसपास रस्त्याच्या कडेला गोणपाटं अंथरलेली दिसतात. नेहमीच्या भाजीवाल्यांपासून जरा बाजूला, कुणाच्या तरी पायरीच्या आडोशानं, आदिवासी बाया बसलेल्या असतात. कुणी कसाऱ्याकडून पहिल्या लोकलनं आलेली, कुणी कर्जतकडून, कुणी मुरबाडहून पहाटेची एसटी पकडून. समोर तराजू नाही. सगळा व्यवहार जुडीचा आणि वाट्याचा. भाजी सागाच्या पानात गुंडाळलेली, वर पाण्याचा शिपका.

काकूंनी मला त्यातल्या एका मावशींपुढे नेऊन उभं केलं. मावशींच्या समोर शेवळांच्या जुड्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, वेगळ्या पानावर, छोट्या आवळ्याएवढ्या हिरव्या-पिवळट फळांचा ढीग. हीच ती काकडं. मी एक जुडी उचलली आणि पैसे पुढे केले. मावशींनी पैसे घेतले नाहीत. आधी मला विचारलं, “करता येते का?”

कुठल्याही भाजीवाल्यानं मला आजवर हा प्रश्न विचारलेला नव्हता. कोथिंबीर घेताना, फ्लॉवर घेताना तो विचारण्याचं कारणही नसतं. “येत नाही,” मी म्हटलं. मग मावशींनी एक शेवळ घेतलं, नखानं वरचा पापुद्रा उकलला आणि आतला भाग मला दाखवला. “ह्यो पिवळा दाणा दिसतो का? ह्यो टाकायचा. ह्यो ठेवलास तर खाजंल. वरचा दांडा घ्यायचा. बारीक चिरायचा. काकडं ठेचून त्येच्या पाण्यात शिजवायचं. कमी शिजवू नको.” एवढं सांगून झाल्यावर जुडी माझ्या पिशवीत गेली, तिच्यावर मूठभर काकडं पडली आणि मग पैसे घेतले गेले. काकडांचे वेगळे लावले नाहीत.

दुकानात मी डबीचे जास्त पैसे मोजले होते आणि अर्धीच भाजी घरी आणली होती. उरलेली अर्धी म्हणजे ही मूठभर फळं आणि अर्ध्या मिनिटाचं बोलणं.

*

शेवळं ही सुरणाच्या जातकुळीतली. सुरणाचं शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस, शेवळाचं अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस. सुमात्राच्या जंगलात दहा फुटांपर्यंत उंच जाणारा जो प्रसिद्ध दुर्गंधी फुलोरा आहे, टायटन अरम, तो याच भावकीतला थोरला. आपलं शेवळ पश्चिम घाटातलं. त्याचा कंद वर्षातला बराच काळ जमिनीखाली पडून असतो. वळवाचे एकदोन शिडकावे झाले, माती जरा ओलावली, की आधी फुलोरा वर येतो. पान मागाहून. आपण खातो तो हा न उमललेला फुलोरा. एकदा उमलला की त्याला कुजल्यासारखा वास सुटतो, कारण त्याला बोलावणं धाडायचं असतं ते मधमाश्यांना नव्हे, घाणीवर येणाऱ्या किड्यांना. म्हणून शेवळं उमलायच्या आत खुडावी लागतात. दिवस मोजकेच मिळतात. पाऊस धरला की शेवळांचा हंगाम संपत येतो.

घसा टोचतो त्याचं कारण या सगळ्या कुळाच्या अंगी आहे. अळू, सुरण, शेवळ यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुड्या बांधून बसलेले असतात. चावलं की त्या सुया जिभेत, टाळूत रुततात. मी ‘कुसळं’ म्हणत होते, ते अलंकारिक नव्हतं. झाडाचं हे कुंपणच आहे. जनावरानं एकदा तोंड लावलं की दुसऱ्यांदा लावू नये म्हणून.

या कुंपणातून आत शिरायची वाट प्रत्येक मराठी घराला एरवी माहीत असते, फक्त ती आपण इतक्या सवयीनं वापरतो की तिच्याकडे लक्ष जात नाही. अळूच्या फदफद्यात चिंच पडतेच. सुरणाला आमसूल लागतं. अळू चिरताना हाताला तेल लावायचं हे आईनं सांगितलेलं असतं. तीच गोष्ट शेवळाची. सुरणाला आमसूल, अळूला चिंच, शेवळाला काकडं. काकड हा गुग्गुळाच्या कुळातला मोठा पानझडी वृक्ष, शास्त्रीय नाव गरुगा पिनाटा. त्याची आंबट-तुरट फळं नेमकी शेवळं येतात त्याच दिवसांत हाताशी येतात. एकाच रानात, एकाच पंधरवड्यात, एक झाड खाज घेऊन उभं आणि दुसरं तिचा उतारा घेऊन. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल, आणि सुचण्याआधी किती जणांचे घसे चरचरले असतील, याचा विचार माझा अनुभव ताजा असल्यामुळे मी जरा जास्तच केला.

काकूंच्या ओट्यावर त्या दिवशी जी भाजी झाली ती अशी. दोन जुड्या शेवळं, साधारण वीस काकडं, अर्धी वाटी सोडे, दोन कांदे. सोडे आधी भाजून कोमट पाण्यात भिजवले. काकूंनी दोन्ही हातांना तेल चोळलं, मलाही चोळायला लावलं. शेवळांचं बाहेरचं आवरण काढलं, आतला पिवळा दाणेदार भाग खरवडून थेट कचऱ्यात, उरलेला दांडा अगदी बारीक चिरला. काकडं खलबत्त्यात ठेचली, बिया वेगळ्या केल्या, गर पाण्यात उकळून ते पाणी गाळून घेतलं. मग कढईत सढळ हातानं तेल. काकूंचं म्हणणं, शेवळाला तेलाची काटकसर चालत नाही. चिरलेली शेवळं त्या तेलात रंग बदलेपर्यंत परतली, त्यावर काकडांचं गाळलेलं पाणी ओतलं आणि झाकण ठेवून पार मऊ होऊ दिली. दुसऱ्या पातेल्यात कांदा, आलं-लसूण, सोडे, हळद, तिखट, त्यांचा तो सीकेपी मसाला आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण. शेवटी दोन्ही एकत्र.

“आता चाखून बघ,” काकू म्हणाल्या. मी आधी जिभेच्या टोकाला लावली. थांबले. शंभरपर्यंत आकडे मोजले. काही टोचलं नाही. मग वाटी संपवली. शाकाहारी घरात सोड्यांच्या जागी वाल किंवा हरभऱ्याची डाळ पडते. कोलंबीत करतात, खिम्यात करतात. पण कुठल्याही घरी जा, काकडांना पर्याय विचारला तर आधी जरा तोंड वाकडं होतं आणि मग नाइलाजानं “चिंच घाला” असं सांगतात.

*

मावशींकडे माझी ये-जा सुरू झाली. शेवळं संपली आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या गोणपाटावर एक पालेभाजी आली. गोलसर पानांची, पोपटी, कोवळी.

“मावशी, ही कुठली?”

“टाकळा.”

मी पान हातात घेतलं, चुरगाळलं, वास घेतला आणि मला हसू आलं. हा तर तरोटा! आमच्या यवतमाळकडे बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात आडवातिडवा माजणारा. लहानपणी पहिला पाऊस झाला की आजी परडी घेऊन निघायची आणि अर्ध्या तासात तरोट्याचा ढीग घेऊन यायची. कांदा, लसूण, हिरवी मिरची, मूठभर भिजलेली डाळ आणि वर ज्वारीची भाकर. तोच तरोटा इथं नाव बदलून, सागाच्या पानात बसून, पैसे मागत होता. अनोळखी म्हणून जिच्यापुढे उभी राहिले ती सख्ख्या गावची निघाली.

नावांचा हा घोळ मराठीत सगळीकडे आहे. आमच्याकडच्या धोप्याला इकडे अळू म्हणतात. आमची चिवळ कुठे चिघळ होते. फोडशीला काही गावांत कुलू म्हणतात. म्हणून अनोळखी भाजी समोर आली की नाव विचारून भागत नाही. पान बघावं लागतं, चुरगाळावं लागतं, आणि ते कसं करतात हे विचारावं लागतं.

टाकळ्याच्या बाबतीत तर पान बघणं फारच गरजेचं. त्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या असतात. टोकाची जोडी सगळ्यांत मोठी. प्रत्येक पान बुडाशी अरुंद आणि टोकाला रुंद, गोल, चमच्यासारखं. दिवस मावळला की ही पानं मिटतात. संध्याकाळी उशिरा टाकळा ओळखायला गेलात तर तो झोपलेला सापडेल. त्याच्याच शेजारी, तशाच पडीक जागेत, त्याचा एक भाऊबंद उगवतो : कासविंदा. त्याच्या जोड्या जास्त, पानं टोकदार, आणि देठाच्या अगदी बुडाशी एक बारीक गोळीसारखी ग्रंथी. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली, कासविंद्याची चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर-सहारनपूरच्या पट्ट्यात पावसाळा सरल्यावर लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत. बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. पुढे 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा ती मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खात होती असं निघालं. टाकळा आणि कासविंदा यांच्यातला फरक असा जोड्या मोजण्याएवढा आहे.

तरोट्याची आणखी एक गंमत. पावसाळ्यात ज्याची भाजी होते त्याच्याच वाळलेल्या शेंगा दिवाळीच्या सुमारास विदर्भातले मजूर झोडपतात आणि बी व्यापाऱ्याला विकतात. त्या बियांपासून निघणारा डिंक परदेशात कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाण्याला दाटपणा आणायला वापरतात. बिया भाजून कॉफीसारख्या उकळून पिण्याचीही रीत आहे. आजीला हे कळलं असतं तर तिनं परडी खाली ठेवून डोक्याला हात लावला असता.

*

पुढच्या आषाढात मावशी म्हणाल्या, “येवढं इचारतेस तर येऊनच बघ.” मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या दिशेला, मुख्य रस्त्यापासून आत त्यांचा पाडा. एसटीतून उतरून पाऊण तास चाललो. पाऊस मधूनच यायचा, मधूनच ढग खाली उतरून समोरचा डोंगर पुसून टाकायचे.

मला वाटलं होतं मावशी टोपली घेऊन भराभरा खुडत जातील. त्या चालल्या तशा, जशी मी ओळखीच्या गल्लीतून चालते. एका उतारावर गवतासारख्या पात्यांचा झुबका होता. “फोडशी,” त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. खुडली नाही. चार पावलांवर तसाच दुसरा झुबका. त्या खाली वाकल्या, पात्याच्या बुडाशी बोट खुपसून माती उकरली आणि आत पाहून पुन्हा बुजवली. “ही नाय.”

मला दोन्हींत फरक दिसेना. मावशींनी मग पहिल्या झुबक्याची माती बाजूला केली : खाली पांढरट, मांसल मुळांचा बोटांसारखा घोस. दुसऱ्याच्या खाली कांदा. तो रानकांदा, विषारी. त्यातली द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. वर दोघांचीही लांब पाती. ओळख जमिनीखाली.

फोनमधल्या झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपला मी फोडशीचा फोटो दाखवला. त्यानं उत्तर दिलं : स्पायडर प्लांट. म्हणजे माझ्या बाल्कनीत टांगलेलं, दक्षिण आफ्रिकेतून जगभर पसरलेलं शोभेचं झाड. उत्तर चूक, पण अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. दोघंही क्लोरोफायटम या एकाच प्रजातीतले. फोडशीच्या नावाखाली खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी एकीचं शास्त्रीय नाव तर क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हो, आपल्या बोरिवलीवरूनच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर तिला हे नाव दिलं. आणि हिचीच मुळं बाजारात सफेद मुसळी म्हणून विकली जातात. पानं खुडली तर झाड पुढच्या पावसात पुन्हा येतं. मुळं उपटली तर येत नाही. मावशींच्या पाड्याच्या आसपास फोडशी अजून भरपूर आहे आणि मावशींना त्याचं कारण सांगावंसंही वाटत नाही. “मूळ कशाला काढायचं? पाला खायाचा ना?”

पहिला झुबका त्यांनी का सोडला, हेही मी विचारलं. उत्तर आलं की वाटेवरचा सगळ्यांत आधी दिसणारा झुबका कुणा म्हाताऱ्या माणसासाठी ठेवायचा, ज्याला डोंगर चढवत नाही. शेवळांच्या वेळीही सगळी खुडत नाहीत. आपण खातो तो फुलोरा, तो गेला की त्या वर्षीचं बीही गेलं. मागे काही उभी राहिली पाहिजेत.

दुपारी मावशींच्या चुलीवर दोन भाज्या झाल्या. फोडशीच्या बुडाकडचा पांढरा भाग आणि मधला कडक दांडा काढून टाकला, पात्यांमध्ये माती अडकून बसते म्हणून तीन पाण्यांतून काढली, चिरली आणि कांद्यावर परतली. फोडशी गरीब स्वभावाची. तिच्यात कोणी बेसन पेरतं, कोणी मूगडाळ घालतं, कोणी तिचे वडे थापतं. दुसरी भाजी भारंगीची. ती कडू. कोवळी पानं चिरून उकळत्या पाण्यात टाकली, वाफ आल्यावर चाळणीत उपसली, गार झाल्यावर मावशींच्या सुनेनं ती दोन्ही तळव्यांमध्ये धरून पिळली. हिरवट पाणी निघालं. पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळली. मग भिजवलेले वाल, कांदा, तिखट, मीठ. नाचणीच्या भाकरीबरोबर ताटात आली तेव्हा कडवटपणा होता, पण हवाहवासा वाटेल इतकाच. सगळा कडवटपणा काढला तर भारंगीला अर्थ उरत नाही आणि काढलाच नाही तर घास उतरत नाही. किती वेळा पिळायचं ते हाताला कळतं. मी एकदा पिळून पाहिली. सून हसली आणि माझ्या हातातून काढून घेऊन आणखी एकदा पिळली.

म्हणजे भारंगीचा उतारा उकळण्यात आणि पिळण्यात, शेवळाचा काकडांत, फोडशीचा मातीत बोट घालण्यात, टाकळ्याचा पानांच्या जोड्या मोजण्यात आणि तो फुलावर येण्याआधी खुडण्यात.

*

शहरात रानभाज्यांना सध्या बरे दिवस आहेत. राज्याचा कृषी विभाग गेल्या काही वर्षांपासून 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. हॉटेलांच्या पावसाळी थाळीत टाकळ्याची वडी येते. हे चांगलंच आहे. जी भाजी खाणं काल गरिबीचं लक्षण समजलं जात होतं तिला आज मान मिळतो. 1972 च्या दुष्काळात आमच्या आजोळी मिलोची लाल भाकर आणि सोबत मिळेल तो रानपाला असे दिवस काढले. त्यानंतर कित्येक वर्षं आजोबा ताटात रानभाजी दिसली की उठून जायचे. त्यांना ती भाजी नको नव्हती, ते वर्ष नको होतं.

पण मान मिळतो तो भाजीला. भाजीबरोबर येणारं अर्ध्या मिनिटाचं बोलणं मात्र वाटेत गळून पडतं. मावशींकडून माल दलालाकडे, दलालाकडून दुकानात, दुकानातून डबीत. प्रत्येक टप्प्यावर भाव वाढतो आणि माहिती कमी होते. शेवटी ‘रानभाजी, फक्त हंगामात’ एवढीच चिठ्ठी उरते. पालक-मेथीच्या बाबतीत असं झालं तर काही बिघडत नाही. रानभाजीचं बिघडतं, कारण ती आपल्यासाठी माणसाळवलेली नाही. शेतातल्या भाजीतला कडूपणा, खाज, विष शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कमी केलं. रानातल्या भाजीचं ते काम दर वेळी स्वयंपाकघरात, नव्यानं करावं लागतं.

आपल्याकडे हे सांभाळायची एक जुनी, शहाणी जागा आहे : भाद्रपद शुद्ध पंचमी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातलं आणि रानातलं एकत्र करून ऋषीची भाजी होते. तिच्यात अळू असतं, सुरण असतं. आणि म्हणूनच तिच्यात आंबाडा किंवा चिंचही असते. व्रत म्हणून करणाऱ्या बाईला ऑक्झलेट हा शब्द ठाऊक असायची गरज नाही. आंबाडा विसरायचा नाही एवढं ठाऊक असलं की पुरे.

रानावरच्या हक्काचंही थोडं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा आदिवासींचा आणि परंपरेनं जंगलावर जगणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. कागदावर मावशींचा डोंगर त्यांना बंद नाही. पण कल्याणच्या फुटपाथवर त्यांना बसायला हक्काची दोन हात जागा नाही. पावसात छत्री धरून, गोणपाट उचलायची तयारी ठेवून त्या बसतात आणि अकरा वाजेपर्यंत माल संपवून परतीची गाडी गाठतात. त्यांच्याशी जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस करणारी माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी त्यांत मीही होते.

*

या वाटेला नव्यानं जाणाऱ्यांसाठी माझ्या चरचरलेल्या घशाचा सल्ला थोडक्यात सांगते. अनोळखी पाला स्वतः खुडून आणू नका. फोटोवरून तर मुळीच नको. नाल्याच्या, रेल्वेरुळांच्या कडेचा टाकळा कितीही लुसलुशीत दिसला तरी तो तिथंच राहू द्या. पहिल्यांदा करताना थोडी करा, थोडी खा. मूतखड्याचा त्रास असेल तर अळू, घोळ, शेवळं यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. आणि जिच्याकडून भाजी घ्याल तिला आधी विचारा : कशी निवडायची, काय टाकायचं, कशात शिजवायची. सांगायला तिला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाचे पैसे ती लावत नाही, म्हणून निदान जुडीचे पैसे कमी करू नका.

दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या शेंगा वाळून तडकतात, फोडशीची पाती झडलेली असतात आणि शेवळाचा कंद जमिनीखाली झोपी गेलेला असतो. मग मेअखेरच्या वळवापर्यंत त्याचं नाव नाही. तो पाऊस पडला की कल्याणला, ठाण्याला, पनवेलला, तुमच्या जवळच्या स्टेशनबाहेर जा. शेवळांच्या जुड्या दिसतील. त्यांच्या शेजारी काकडं दिसली तरच घ्या.